वसंतराव देशपांडे

वसंत बाळकृष्ण देशपांडे (जन्म : मूर्तिजापूर, २ मे १९२०, मृत्यू : पुणे, ३० जुलै १९८३) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील गायक व संगीत रंगभूमीवरील नट होते. बालनट म्हणून पडद्यावर आलेल्या वसंतरावांना गायक म्हणून सर्वदूर मान्यता मिळाली ती वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षानंतर. मधली बरीच वर्षे त्यांनी लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली.

बालपण व चित्रपट

वसंतरावांचे बालपण आईच्या छत्राखाली नागपुरात गेले. तेथे शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. पुढे संगीतकार म्हणून गाजलेले सी. रामचंद्र हे त्यांचे तेथील सहाध्यायी होत. भालजी पेंढारकरांनी 'कालियामर्दन' (१९३५) या बोलपटात त्यांना कृष्णाची भूमिका दिली. (दादासाहेब फाळके यांचा याच नावाचा १९१९ मधील मूकपट वेगळा, त्यात फाळके यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती.) मात्र बालवयातील या यशातून त्यांची चित्रपटातील कारकीर्द उभी राहिली नाही.

तालीम

वसंतरावांचे मामा लाहोरला असत. त्यांच्यामुळे वसंतरावांचे तेथे जाणे झाले व असद अली खाँ यांच्याकडे त्यांना मारवा या एकाच रागाची दीर्घ तालीम मिळाली. पंचम वर्ज्य असलेला, षड्जावर विसावा घेऊ न देणारा हा राग पुढे त्यांची ओळख ठरला. त्यांनी किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांच्याकडूनही विद्या घेतली. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या आक्रमक, चमत्कृतिपूर्ण गायकीचा ठसा त्यांच्या गाण्यावर सर्वांत खोल उमटला. तबला व हार्मोनियम ही वाद्येही त्यांना अवगत होती.

अनेक ठिकाणांहून घेतलेली ही विद्या कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत बसणारी नव्हती. घराण्याची शुद्धता हाच गायकाच्या योग्यतेचा पुरावा मानला जाण्याच्या त्या काळात ही गोष्ट त्यांना जड गेली. तानांची अनपेक्षित वळणे, लयीशी केलेली झोंबाझोंबी आणि ठुमरीपासून लावणीपर्यंतचा मोकळा संचार यांमुळे रसिक त्यांच्याकडे ओढले गेले, तसेच काही जाणकार साशंकही राहिले. आज तीच वैशिष्ट्ये त्यांच्या गायकीची बलस्थाने मानली जातात.

नोकरी आणि 'कट्यार'

पुण्यातील नोकरी सांभाळून वसंतराव मैफली करीत, नाटकांत व चित्रपटांत गात. पु. ल. देशपांडे हे त्यांचे जिवलग मित्र व चाहते होते. अखेर नोकरी सोडून त्यांनी पूर्ण वेळ गाण्याला वाहून घेतले. मध्यमवयीन, संसारी कारकुनासाठी हा निर्णय धोक्याचाच होता.

पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी झाला. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते. त्यात वसंतरावांनी खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका केली. घराण्याची विद्या बाहेरच्याला न देणारा हा उस्ताद, कोणत्याच घराण्याचा न मानला गेलेल्या गायकाने रंगवावा हा योग विलक्षण होय. या भूमिकेने संगीत रंगभूमीला नवा प्रेक्षक मिळवून दिला आणि वसंतरावांचे नाव घरोघरी पोहोचले.

भावगीते व सन्मान

नांदेडचे कवी वा. रा. कांत यांचे 'बगळ्यांची माळ फुले' हे गीत श्रीनिवास खळे यांच्या चालीत वसंतरावांनी गायिले. 'अष्टविनायक' (१९७९) या चित्रपटातील त्यांची गाणीही लोकप्रिय झाली. १९८२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर वर्षभरातच त्यांचे निधन झाले.

नागपुरातील एका सभागृहास त्यांचे नाव देण्यात आले आहे. 'मी वसंतराव' (२०२२) या चरित्रपटात त्यांची भूमिका त्यांचे नातू, गायक राहुल देशपांडे यांनी केली.