कर्करोगाच्या मुळाशी गेलेले डॉ. खानोलकर
भारतातील कर्करोग संशोधनाचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) मूळ गोमंतकीय कुटुंबातले. लंडनमध्ये विकृतिशास्त्र शिकून ते परतले आणि १९४१ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींइतकेच रुग्णाच्या सवयींकडे त्यांचे लक्ष असे. ओठामागे धरलेली तंबाखू-चुन्याची गोळी, जळते टोक तोंडात ठेवून ओढलेला चुट्टा, कमरेला घट्ट आवळलेले धोतर यांच्याशी निगडित कर्करोगांची नोंद त्यांनी १९४५ मध्ये सहकाऱ्यासह केली. सवय सुटली तर हे रोग टळू शकतात, असा त्याचा अर्थ. तंबाखू मात्र सुटली नाही! १९५२ मध्ये त्यांनी उभारलेल्या संशोधन केंद्राचे काम आता खारघरला चालते. औषधांना दाद न देणाऱ्या कर्कपेशींवर तेथे संशोधन होते.