‘लिटल हाऊस’मधली आई खरी होती! कोण होत्या कॅरोलाइन इंगल्स?

‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’मधली शांत, शिस्तीची आई आठवते? ती म्हणजे लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या सख्ख्या आई, कॅरोलाइन.

त्यांचा जन्म १८३९ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा. वडील लवकर गेले. मोठेपणी त्या शाळेत शिकवू लागल्या आणि १८६० मध्ये चार्ल्स इंगल्स यांच्याशी लग्न झालं. नवऱ्याच्या पायाला भिंगरी! विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा, डाकोटा... दरवेळी नव्याने बिऱ्हाड. कॅन्ससमधली जमीन तर मुळात ओसेज आदिवासींची. तिथूनही परतावं लागलं. मिनेसोटात टोळधाडीने उभा गहू खाल्ला. १८७६ मध्ये नऊ महिन्यांचा फ्रेडी गेला. लॉरा यांच्या कादंबऱ्यांत हा भाऊ कुठेच नाही. १८७९ मध्ये थोरल्या मेरीची दृष्टी गेली.

सर्वात कठीण होता डाकोटातला १८८०-८१ चा हिवाळा. बर्फामुळे रेल्वे महिनोन्‌महिने बंद, गावात ना पीठ ना कोळसा. मग कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात गहू दळायचा आणि वाळल्या गवताचे पीळ करून जाळायचे. वाचताना हे साहस वाटतं, पण घरात चार मुली होत्या.

चार्ल्स यांना पुढे ओरेगॉन खुणावत होतं. कॅरोलाइन मात्र हटल्या नाहीत. मुलींची शाळा होती, त्यामुळे मुक्काम डे स्मेट गावातच राहिला. १९०२ मध्ये चार्ल्स गेल्यावर खोल्या भाड्याने देऊन त्यांनी घर चालवलं, मेरीला सांभाळलं.

१९२४ मध्ये त्या वारल्या. लॉरा यांची पहिली कादंबरी आली १९३२ मध्ये.