गाडगेबाबा आणि रुग्णाचा सोबती

गाडगेबाबांचे नाव महाराष्ट्राने खराट्याशी कायमचे बांधून टाकले आहे. राज्य शासनाने २०००–०१ मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले गेले. २००५ साली अमरावती विद्यापीठाचे नामकरण झाले, आणि दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी पदवी मिळविणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावरही आज हेच नाव छापलेले असते. पण मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळ १९५४ साली, मरणाच्या अवघी दोन वर्षे आधी, बाबांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी जी धर्मशाळा उभारली, तिचा उल्लेख बहुधा इतर धर्मशाळांच्या यादीत एका ओळीत उरकला जातो. वस्तुतः सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने त्यांचे हे काम खराट्याइतकेच मोलाचे होते. आरोग्यधोरणाला अजूनही ज्याचा पुरता हिशेब लागलेला नाही, असा एक खर्च या निरक्षर कीर्तनकाराने सत्तर वर्षांपूर्वी नेमका ओळखला होता.

शेणगाव हे अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्याचे खेडे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी तेथील एका परीट कुटुंबात डेबूजीचा जन्म झाला. वडील झिंगराजी जाणोरकर दारूच्या व्यसनात खचले आणि १८८४ साली वारले. आठ वर्षांच्या पोराला घेऊन आई सखुबाई मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी माहेरी आली. मामाच्या घरी डेबूजी गुरे राखू लागला आणि वयात येताच औत धरू लागला. पुढे मामाची जमीन सावकारी कर्जात गेली. वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी सावकार शिरतो तो दुष्काळाच्या दारानेच, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु लग्न, तेरावे आणि दुखणे ही आणखी तीन दारे त्याला सदैव उघडी असत. एकदा रक्कम उचलली की व्याजाला सुटी नसे. बाबांच्या पुढील आयुष्यातील कीर्तनांत ऋण काढू नका हा विषय पुन:पुन्हा येई, त्याचे मूळ दापुऱ्याच्या त्या गेलेल्या शेतात होते.

विवाहानंतर पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू वाढावयाची, तर डेबूजीने गोडाचे जेवण घातले. भाऊबंद चिडले, परंतु घर कर्जातून वाचले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी घर सोडले. या त्यागाचे गोडवे पुष्कळ गायिले गेले आहेत. म्हातारी आई, पत्नी कुंताबाई आणि मुले यांच्यावर तो त्याग विचारल्यावाचून लादला गेला, हेही मान्य केले पाहिजे. त्यानंतर अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात काठी आणि मातीचे गाडगे, एका कानात कवडी तर दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, असा हा माणूस गावोगाव फिरू लागला. दिवसा गाव झाडावे, रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारून बोलते करावे, आणि उजाडण्यापूर्वी पुढची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता.

या भ्रमंतीत त्यांना देवस्थानांपेक्षा देवस्थानांबाहेरची माणसे अधिक दिसली. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे गरीब यात्रेकरू उघड्यावर राहत, उघड्यावर रांधत, तेथेच घाण होई आणि तेथूनच पटकी सुटे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला तर पैसे मोजूनही छप्पर मिळत नसे. म्हणून पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा निघाली, आणि १९४९ साली तेथील इमारत बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. देवळे बांधण्यास पैसा देणारे धनिक पुष्कळ होते. त्यांच्याकडून धर्मशाळा, पाणवठे, घाट, सदावर्ते आणि शाळा यांसाठी पैसा काढण्याची विद्या बाबांना साधली होती. या लाखोंच्या व्यवहारात त्यांची शिस्त कडक होती. पैसा स्वतः हाताळावयाचा नाही, संस्था विश्वस्तांच्या हाती सोपवावयाची, घरच्या माणसांना तीत हक्क द्यावयाचा नाही आणि आपण बांधलेल्या इमारतीत आपण राहावयाचे नाही. आजच्या धर्मादाय संस्थांच्या हिशेबतपासनीसांना हे नियम कोणी शिकविण्याची गरज नाही, पाळणारे मात्र थोडे.

१९२३ साली त्यांचा मुलगा गोविंद कुत्रे चावल्यामुळे मरण पावला. ही वार्ता कोकणातील खारेपाटणला कीर्तन चालू असताना आली आणि बाबांनी कीर्तन थांबविले नाही, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिच्यातील वैराग्य सर्वांना दिसते. परंतु त्या काळी पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर लस उपलब्ध होती, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. कसौलीला १९०० साली आणि कुन्नूरला १९०७ साली पाश्चर संस्था निघाल्या होत्या. औषध अस्तित्वात होते. वऱ्हाडातल्या खेड्यातून त्या औषधापर्यंत पोहोचणे, तेथे इंजेक्शने पुरी होईपर्यंत राहणे आणि परत येणे, ही गरिबाला न परवडणारी गोष्ट होती.

जे. जे. रुग्णालय १८४५ सालचे. शंभर वर्षांहून अधिक काळ राज्याच्या कानाकोपऱ्यातून आजारी माणसे तेथे येत राहिली. त्यांच्याबरोबर आलेला बाप, भाऊ किंवा बायको पदपथावर वळकटी टाकून पडत असे. आपल्या रुग्णालयांचा कारभार या सोबत्यावाचून चालत नाही. चिठ्ठी घेऊन औषध आणणारा तोच, स्ट्रेचर ढकलणारा तोच, रात्री सलाइनच्या बाटलीवर नजर ठेवणारा तोच, रक्त लागले तर दंड पुढे करणारा तोच. पाश्चात्त्य रुग्णालयांत जी कामे पगारी नोकर करतात, त्यातली निम्मीशिम्मी येथे बिनपगारी नातेवाईक करतो आणि त्याबद्दल त्याला रात्री वॉर्डाबाहेर हाकलले जाते. बाबांनी धर्मशाळा बांधली ती या माणसासाठी.

आता दिग्रसच्या पंचक्रोशीतील एखाद्या कुटुंबाचा विचार करावा. दुखणे ग्रामीण रुग्णालयात आवरले नाही तर यवतमाळ, तेथे न जमले तर सेवाग्राम किंवा नागपूर, आणि कर्करोगासारखे असेल तर कधी थेट मुंबई. प्रत्येक टप्प्यावर एस. टी.चे भाडे वाढते, मजुरीचे दिवस बुडतात, आणि वेचणीच्या हंगामात घरातील दोन माणसे बाहेर अडकली तर कापूस झाडावरच राहतो. शासनाने उपचारखर्चाच्या बाबतीत पुष्कळ केले, हे नाकारता येणार नाही. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे राज्यभर पसरली व २०१७ साली महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू झाली. २०२३ साली सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार नि:शुल्क झाले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी पदरचे घातलेल्या पैशाचे प्रमाण २०१३–१४ मध्ये ६४.२ टक्के होते, ते २०२१–२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट समाधानकारकच आहे.

तथापि या योजनांतून भागतो तो खाटेचा, शस्त्रक्रियेचा, औषधाचा आणि रुग्णाच्या जेवणाचा खर्च. सोबत्याच्या राहण्याजेवणाचा भार कुटुंबावरच राहतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, इतरांचा प्रवास, जेवण, सोबत्याचा खर्च आणि निवास यांसाठी वैद्यकीय खर्चाहून वेगळा रकाना ठेवलेला होता. म्हणजे सरकारी आकडेशास्त्राला हा खर्च दिसतो, फक्त त्याची भरपाई करणारी योजना नाही. बुडालेली मजुरी तर त्या रकान्यातही मावत नाही.

वैद्यकाच्या प्रगतीने हा प्रश्न कमी झालेला नाही, उलट वाढला आहे. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे कित्येक आठवडे चालतो. रोजचा उपचार काही मिनिटांत आटोपतो, म्हणून रुग्णालय खाट देत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु दिग्रसच्या माणसाला परळहून रोज घरी जाता येत नाही. त्याला खाट नको, खोली हवी. खोली नसेल तर उपचार अर्ध्यावर सोडून तो परततो, मग शासनाने त्याच्यावर केलेला खर्चही वाया जातो. सोबत्याच्या निवासावर खर्च करणे ही निव्वळ दया नव्हे, अर्थशास्त्राच्या रूक्ष भाषेतही ती किफायतीची गोष्ट आहे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंजुरीत जशा खाटांची संख्या ठरविली जाते, तशी सोबत्यांच्या निवासाची जागाही ठरविता येईल. योजनेच्या देयकात रुग्णाच्या जेवणाबरोबर एका सोबत्याचे जेवण धरण्यासही तांत्रिक अडचण दिसत नाही. दानशूरांवर विसंबून हे काम होईल असे मानणे चूक ठरेल, कारण बाबांसारखा दान काढणारा माणूस पुन्हा मिळालेला नाही.

बाबांचे देहावसान २० डिसेंबर १९५६ रोजी झाले. अमरावतीकडे नेले जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात मोटारीतच त्यांचा प्राण गेला. बाबासाहेब आंबेडकरांना जाऊन तेव्हा चौदा दिवस झाले होते. त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाच्या मिशनने दादरला धर्मशाळा बांधली. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे रुग्ण आपल्या माणसांसह तेथे उतरतात, त्यांत वऱ्हाडातले असतात तसे बंगाल-बिहारचेही असतात. मागणी जागेहून नेहमीच मोठी असते. ज्यांना तेथे जागा मिळत नाही, त्यांच्यातील कित्येकांचा मुक्काम आजही परळच्या पदपथावर पडतो.