एअर कमोडोर मेहरसिंग

चिखलदरा हे आपल्या वऱ्हाडातील थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० फूट उंच आहे. लडाखमधील लेह त्याच्या तिपटीहून उंच, सुमारे ११,५०० फुटांवर वसलेले आहे. तेथे पहिले विमान उतरविण्याचा मान मेहरसिंगांचा.

त्यांचा जन्म २० मार्च १९१५ रोजी लायलपूर येथे झाला. इंग्लंडातील क्रॅनवेल येथे शिक्षण घेऊन १९३६ साली ते हवाई दलात दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी सहाव्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले. सहकारी त्यांना आदराने 'बाबा' म्हणत.

१९४७ च्या अखेरीस काश्मीरमधील पूंछ शहर शत्रूच्या वेढ्यात सापडले. आत सैनिक होते आणि हजारो निर्वासितही होते. लोकांनी राबून एक लहानशी धावपट्टी तयार केली. मेहरसिंगांनी तेथे डाकोटा विमान उतरविले. पुढे तर तेलाच्या दिव्यांच्या उजेडात, रात्रीच्या वेळी त्यांनी तोफाही पोहोचविल्या.

डाकोटा हे मूळचे लढाईचे विमान नव्हे. अमेरिकेतील डग्लस कंपनीच्या ज्या प्रवासी विमानाने १९३५ साली प्रथम उड्डाण केले, त्याचाच हा लष्करी अवतार. आसने काढली, तळ भक्कम केला, बाजूला रुंद दार बसविले आणि मालवाहू विमान सिद्ध झाले! त्याला पिस्टनची दोन एंजिने असत. १९४९ साली रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले, तेव्हा मुंबईहून नागपुरास जाणारी डाकोटा विमाने वऱ्हाडावरूनच जात.

मे १९४८ मध्ये शत्रूने कारगिल घेतले व लेहची वाट तुटली. लेहमध्ये मूठभर सैनिक उरले होते. सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने सिंधूकाठच्या वाळूत धावपट्टी तयार करविली होती. परंतु तेथवरच्या हवाईमार्गाचा नकाशाच नव्हता. विरळ हवेत एंजिनाचा जोर घटतो, माणसाला धाप लागते. विमानात प्राणवायूची सोय नव्हती, पंखांवरील बर्फ हटविण्याचे साधनही नव्हते.

२४ मे रोजी मेहरसिंगांनी सेनापती थिमय्या यांना शेजारी घेऊन उड्डाण केले. उंच शिखरांमधील खिंडी शोधीत ते लेहला उतरले. बंद केलेली एंजिने त्या उंचीवर पुन्हा सुरू होतील याची खात्री नव्हती, म्हणून ती चालूच ठेवली. या अजब प्राण्यासाठी गावकऱ्यांनी गवत आणले होते, असे सांगतात. काही दिवसांतच डाकोटांमधून गुरखा सैनिक लेहला पोहोचले आणि शहर वाचले.

मेहरसिंगांना महावीरचक्र मिळाले. १९४८ सालीच त्यांनी हवाई दल सोडले होते. १६ मार्च १९५२ च्या रात्री जम्मूहून दिल्लीस येताना त्यांचे विमान वादळात सापडून कोसळले. सदतिसावे वर्ष पूर्ण होण्यास तेव्हा चारच दिवस उरले होते.