शब्दांचा डॉक्टर

कॉन्व्हेंटमध्ये शिकूनही जीआरईची वर्डलिस्ट बघितली की माझी जाम टरकते. रात्री घोकलेलं सकाळी साफ! अशातच पीटर मार्क रॉझे यांची ओळख झाली. १७७९ चा लंडनचा जन्म. वडील लहानपणीच गेले, पोराला याद्या करायचा नाद लागला. पुढे ते डॉक्टर झाले. लॉग-लॉग स्लाइड रूलही त्यांचाच, म्हणजे आपल्यातलेच की! १८०५ मधली शब्दांची वही त्यांनी निवृत्तीनंतर पुन्हा काढली आणि १८५२ मध्ये, ७३ व्या वर्षी, ‘थिसॉरस’ छापला. त्यात शब्द ए टू झेड नाहीत, अर्थाप्रमाणे घराघरांत बसवलेत. १८६९ मध्ये वारले, वय ९०. मीही आता घोकंपट्टी सोडून शब्दांची घरं मांडतोय. मित्रांनो, काही शब्द खरंच टिकताहेत!