हस्तकलेच्या पाठीराख्या : कमलादेवी चट्टोपाध्याय

कमलादेवींचा जन्म ३ एप्रिल १९०३ रोजी मंगळूर येथे एका सुखवस्तू सारस्वत कुटुंबात झाला. त्या लहान असतानाच वडील वारले. मृत्युपत्र नसल्याने सारी मालमत्ता सावत्र भावाकडे गेली. आई गिरिजाबाई या स्वाभिमानी स्त्रीने पोटगी नाकारली. विधवेला व मुलीला घरातच परके ठरविणारा कायदा म्हणजे काय, हे कमलादेवींना पुस्तकातून शिकावे लागले नाही. याच अन्यायाच्या निवारणासाठी डॉ. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडताच १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे आपण जाणतोच.

कमलादेवी स्वतःही बालविधवा होत्या. पुढे त्यांनी कवी हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याशी पुनर्विवाह केला. १९२६ साली त्या मद्रास कायदेमंडळाच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या व थोडक्या मतांनी पराभूत झाल्या. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी मुंबईच्या शेअर बाजारात मिठाच्या पुड्या विकल्या आणि तुरुंगवास भोगला. स्त्रियांचे घरकाम हेही श्रमच होत, ही मांडणी त्यांनी त्या काळी केली.

फाळणीनंतर त्यांनी सहकारी संघ उभारून निर्वासितांच्या पुनर्वसनास हात घातला. फरिदाबादचे नवे नगर निर्वासितांच्याच श्रमांतून उभे राहिले. १९५२ साली त्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व येथे आहे. आंध्रातील श्रीकालहस्तीची कलमकारी तेव्हा लोपत चालली होती. दूध व हिरड्यात भिजविलेले कापड, बांबूची लेखणी, गंजके लोखंड आणि गूळ आंबवून केलेला काळा रंग, आणि पुनःपुन्हा वाहत्या पाण्यात धुणे, अशी ही कला. तिच्यात विकत आणावे असे थोडेच. बहुतेक सारे परिसरातून मिळणारे. १९५७ साली मंडळाने तेथे प्रशिक्षण केंद्र काढले व जुन्या जाणत्या हातांनी नवे हात घडविले. जयपूरच्या निळ्या मातीकामालाही त्यांनी असाच आधार दिला. वस्तू संग्रहालयात ठेवून कला टिकत नाही, कारागिराची चूल पेटली तरच टिकते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच विक्रीभांडारे व सहकारी संस्था यांवर त्यांचा भर राहिला.

या देशात मडके, टोपली, चप्पल, वस्त्र घडविणारे हात कोणत्या जातींचे होते, हे वेगळे सांगायला नको. वस्तू दिवाणखान्यात आणि घडविणारा उंबऱ्याबाहेर, अशीच रीत होती. त्यातही कुंभाराघरी माती तुडविणारी, विणकराघरी कांड्या भरणारी स्त्री हिशेबात कुठेच नसे. हस्तकलेला सन्मान मिळाला, तरी जातीची ही गाठ कमलादेवींच्या कार्याने पुरती सुटली नाही. मात्र १९६५ पासून निष्णात कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळू लागले आणि अनामिक हातांना नाव मिळाले.

१९६६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला, १९८७ साली पद्मविभूषण. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. श्रीकालहस्तीत कलमकारीचे काम आजही चालते, आणि त्या कामात आता स्त्रियाही आहेत.