विश्लेषण : प्रोग्रॅमची किचकटता मोजून कम्पायलरची परीक्षा होते का?

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारे सॉफ्टवेअर म्हणजे कम्पायलर. त्याची परीक्षा घेताना प्रोग्रॅमची किचकटता मोजणारी सूत्रेही वापरली जातात. त्यांतील एका गाजलेल्या सूत्राचे जनक मॉरिस हॅलस्टेड हे स्वतः कम्पायलर घडवणारे होते.

कोण होते हॅलस्टेड?

१९१८ मध्ये जन्मलेले हॅलस्टेड अमेरिकेत सॅन दिएगोच्या नौदल इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत संगणक केंद्राचे प्रमुख होते. तेव्हा संगणक बदलला की प्रोग्रॅम बहुधा पुन्हा लिहावा लागे. यावर उपाय म्हणून १९५८ पासून हॅरी हस्की यांच्या कल्पनेतून तिथे ‘नेलिॲक’ कम्पायलर आकाराला आला. तो स्वतःच्याच भाषेत लिहिलेला असल्याने दुसऱ्या संगणकावर नेणे सोपे झाले. १९६२ मध्ये हॅलस्टेड यांनी याच विषयावर पुस्तक लिहिले.

सूत्र काय आहे?

पुढे पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक असताना त्यांनी प्रोग्रॅमलाच मोजपट्टी लावली. त्यातील क्रियाचिन्हे आणि ज्यांवर क्रिया होते ती नावे मोजायची आणि त्यावरून प्रोग्रॅमचे ‘आकारमान’ काढायचे. ही मांडणी १९७७ च्या पुस्तकात आली.

उदाहरण काय?

कळमनुरीतल्या हळद व्यापाऱ्याचा हिशेब घ्या. ‘एकूण = वजन × भाव’ या ओळीचे आकारमान सुमारे ११.६ भरते. तेच ‘रक्कम = वजन × भाव’ आणि ‘एकूण = रक्कम’ असे दोन ओळींत लिहिले, तर ते २०.७ होते. ‘रक्कम’ पुढे कुठेच लागत नसेल, तर चांगला कम्पायलर ती गाळतो आणि दोन्हींसाठी यंत्राला सारख्याच सूचना देतो. अशा अनावश्यक पायऱ्यांना हॅलस्टेड यांनी प्रोग्रॅममधील ‘अशुद्धी’ म्हटले होते.

मर्यादा कोणती?

म्हणजे हा आकडा लिहिणाऱ्याच्या सवयीबद्दल बोलतो, यंत्राच्या वेगाबद्दल नाही. जानेवारी १९७९ मध्ये हॅलस्टेड यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच त्यांच्या प्रयोगांवर आणि गृहीतकांवर संशोधकांनी कडक टीका केली. प्रोग्रॅम लिहायला लागणारा वेळ सेकंदांत सांगण्याचा त्यांचा दावा टिकला नाही. मोजणी मात्र टिकली; कोड तपासणारी अनेक साधने आजही ती करतात.

मग उपयोग काय?

सोपे आणि किचकट असे दोन्ही नमुने चाचणीत आहेत ना, हे या आकड्यांवरून पाहता येते. कम्पायलरचा कस मात्र तयार झालेला प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवून, घड्याळ लावूनच लागतो.